डोळे रंगवणारी ताई

माझी ताई दंतवैद्यकाच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिच्या सरांनी सगळ्या वर्गाला कृत्रिम डोळे घडवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेलं. बाकीची मुलं तासाभरात परतली. ताई दिवस मावळेपर्यंत तिथंच होती. महिन्याभरात तिनं कॉलेज सोडलं आणि त्या कारागिराकडे शिकायला जाऊ लागली.

घरावर आभाळच कोसळलं.

"डोळे रंगवणार? बाहुल्यांचे?" आत्यानं विचारलं.

"माणसांचे."

"अगं, पण लोकांना सांगायचं काय?"

उत्तर बाबांनी शोधलं. "मुलगी हॉस्पिटलात असते," असं ते सांगू लागले आणि तिच्याशी बोलणं त्यांनी टाकलं.

मी अधूनमधून कारागिराच्या खोलीत तिच्याजवळ जाऊन बसायची. उत्तरेच्या खिडकीतून तिथे दिवसभर एकच उजेड यायचा, पाणी घातलेल्या दुधासारखा. ताई लाल रेशमाचे तंतू विंचरून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर शिरा मांडायची, बुबुळावर रंगाचा पातळ थर द्यायची, मग दुसरा, मग तिसरा. बघता बघता त्या इवल्या चकतीला तळ्यासारखी खोली यायची. वेळ कुठे जायचा कळायचं नाही.

दोन वर्षांनी बाबा मला घेऊन तिथे गेले. हातात एका कचेरीतल्या नोकरीचा अर्ज.

"सही कर."

"करते. पण आधी बसा. तपकिरी रंग काही केल्या जमत नाहीये. तुमचे डोळे बघू द्या."

बाबा बसले आणि छताकडे बघत राहिले.

"माझ्याकडे बघा, बाबा."

त्यांनी पाहिलं. कितीतरी वेळ दोघं तशीच समोरासमोर. ब्रशचा तेवढा हलका आवाज.

"कडेला करडी झाक आलीय. पूर्वी नव्हती."

"पूर्वी कधी बघितलीस?"

"मला ताप यायचा ना, तेव्हा तुम्ही वाकून बघायचात."

बाबांचे डोळे भरून आले.

"आता रडू नका हं," ताई पुटपुटली, "रंग बदलतो."

तिनं शब्दाप्रमाणे सही केली. बाबांनी तो अर्ज पोस्टात टाकला की नाही, देव जाणे. बोलावणं काही आलं नाही.

आता ताईची स्वतःची खोली आहे. निवृत्त झालेले बाबा दुपारी तिथे जातात आणि डोळा करून घ्यायला आलेल्या माणसांना गप्पांत गुंतवतात. माणूस हसला की त्याच्या डोळ्यातला खरा रंग वर येतो, असं ताई म्हणते. बाबांना त्यासाठी फार विनोद येतात असं नाही; पण ते सांगत राहतात, आणि ती समोरच्या डोळ्यात हळूहळू उतरत जाते.