दादाचं फाटक

डोंगराच्या सोंडेवरची वाट मी रागाच्या भरात शोधली, हे गिऱ्हाइकांना कधी सांगत नाही. त्यांना सांगतो की इथून पवनेचं पाणी दिसतं, तिकोणा किल्ला अगदी समोर येतो आणि दिवसभरात एक गाडी आडवी येत नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण खालून, आमच्या वाडीच्या भातखाचरांमधून जाणारी जुनी गाडीवाट सपाट आहे, तिला आंब्यांची सावली आहे. ती सोडून शहाणा माणूस एप्रिलात डोंगराच्या उघड्या अंगावर सायकल घालणार नाही. मी घालत होतो, कारण त्या गाडीवाटेवर माझ्या चुलत भावाचं फाटक होतं आणि फाटकाला कुलूप होतं.

कान्ह्याला स्टेशनच्या बाहेर पंक्चरच्या टपरीपासून मी सुरुवात केली. आता दुकान आहे. जाड टायरच्या, वाकड्या हँडलच्या ग्रॅव्हल सायकली आहेत. त्या भाड्याने देतो आणि सोबत वाट दाखवायला जातो. पुण्याची, तळेगावची माणसं येतात. त्यांना डांबर नको असतं, हॉर्न नको असतो. मुरूम, खडी, धूळ यांचे ते पैसे देतात. मला कुणी काही फुकट दिलं नाही. सायकल विकणाऱ्यापासून जागेच्या मालकापर्यंत प्रत्येकाशी मी भांडून, उठून जाऊन, परत बोलावून घेऊन सौदा केला आहे. फक्त एकच सौदा अडला, तो या चुलत भावाशी, दादाशी.

दादा माझ्यापेक्षा थोड्याच महिन्यांनी मोठा. तरी कळायला लागल्यापासून मला त्याला दादा म्हणायला लावलं. मी म्हणत आलो. त्याच्या मुलीच्या लग्नात सकाळपासून राबलो. पाण्याचा टँकर मी आणला, मांडववाल्याशी मी भांडलो. मग स्पीकरवरून मानाच्या टॉवेल-टोपीसाठी नावं पुकारायला लागले. सोयरे झाले, भावकी झाली, दूधडेअरीचा चेअरमन झाला. डेअरीत दूध मोजणाऱ्यालासुद्धा पुकारलं. मी खांबापाशी उभा होतो. माझं नाव आलंच नाही. मी न जेवता मांडवातून निघालो. आमच्याकडे न जेवता जाणं म्हणजे सगळ्यांसमोर थोबाडीत मारणं. मला ते माहीत होतं, म्हणूनच गेलो.

दादा नंतर चावडीवर म्हणाला म्हणे, पुण्याच्या लोकांच्या सायकली पुसणाऱ्याला कसला मान. पुढच्या आठवड्यात गाडीवाटेवर काटेरी तार आली आणि लोखंडी फाटक आलं. त्याने निरोप पाठवला की घरी येऊन जेवून जा आणि किल्ली घेऊन जा. मी उलटा निरोप पाठवला की आधी चार माणसांत टॉवेल-टोपी, मग जेवण. दोन उन्हाळे असेच गेले. निरोप नेणारेही कंटाळले. मी सोंडेवरून जात राहिलो.

त्या दिवशी माझ्याबरोबर दोघं होते, तळेगावच्या शाळेतल्या एक बाई आणि त्यांचे बँकेतून निवृत्त झालेले यजमान. साहेब कच्छच्या रणात सायकल चालवून आलेले होते आणि ते दर थोड्या वेळाने आठवण करून देत होते. निघायला उशीर झाला, पाण्यासाठी दोनदा थांबलो, आणि सोंडेवर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. गवत गुडघ्याएवढं, वाळून पांढरं पडलेलं. मधेमधे काळा कातळ. साहेब म्हणाले, हे तर वाळवंटच आहे हो. मी म्हणालो, तिकडच्यासारखे उंटांचे पैसे इथे पडत नाहीत. बाई हसल्या. त्यानंतर बराच वेळ कुणी हसलं नाही.

आधी मला घारी दिसल्या. खालच्या बाजूला एका जागी पंधरा-वीस घारी फिरत होत्या, अगदी खालून. वणव्यातून उडणारे टोळ पकडायला घारी येतात. मी सायकल थांबवली. मग वास आला, आणि मग वळणापुढच्या उतारावर धूर उभा राहिला.

वाट सोंडेच्या कडेने तिरकी खाली उतरते. एका हाताला घळ, दुसऱ्या हाताला गवताचा उतार आणि उताराच्या तळाशी दादाची खाचरं. त्या खाचरांमध्ये काळे चौकोन दिसत होते. राब भाजला होता. भाताचं रोप टाकायच्या जागी शेण, पालापाचोळा पसरून जाळतात, तो राब. तो पहाटे पेटवायचा आणि वारा सुटायच्या आत विझवायचा, हे आमच्याकडे पोरालाही कळतं. दादाच्या शेवटच्या खाचरातून आग बांधावर चढली होती, बांधावरून गवतात, आणि आता पश्चिमेचा वारा तिला आमच्या वाटेवर आणत होता.

साहेब सायकल वळवून म्हणाले, आल्या वाटेने वर जाऊ. मी त्यांचं हँडल धरलं. चढावर आग माणसापेक्षा वेगाने पळते. वर जाणं म्हणजे तिच्या पुढे गवत होऊन पळणं.

"खाली जायचं. जळलेल्या काळ्या जागेत. सायकली इथेच टाका."

"माझी सायकल मी टाकणार नाही," साहेब म्हणाले.

मी त्यांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाईंनी मात्र आवाजही चढवला नाही. स्वतःची सायकल मुरमावर आडवी टाकली, ओढणी तोंडाला बांधली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चला." ते आले. बाईंची भाड्याची आणि मी चालवत होतो ती, अशा माझ्या दोन सायकली मी तिथे सोडल्या. एकीचा तर हप्ताही फिटला नव्हता.

उतारात एक कोरडा ओहोळ आहे. त्यात गोटे आहेत, गवत कमी. आम्ही त्यातून बसत, घसरत, हाताने दगड धरत उतरलो. तडतड आता अगदी कानात होती. धूर जमिनीलगत यायचा आणि एकदम समोरचं माणूस दिसेनासं व्हायचं. साहेबांना खोकल्याची उबळ आली, ते खाली बसले. मी आणि बाईंनी त्यांना दोन्ही काखांत धरून उठवलं. ओहोळ संपला तिथे काटेरी तार होती. पाच पदरी, ताणून बसवलेली, वर पुन्हा करवंदीच्या काट्या टाकलेल्या. आणि ओहोळाच्या तोंडाशीच गाडीवाटेवरचं ते फाटक.

उंच पत्र्याचं, वर भाल्यासारखी टोकं. बांधणाऱ्याने मन लावून काम केलं होतं. पलीकडे खाचरांत दादा एकटाच हिरव्या डहाळीने बांधावरची आग झोडपत होता. पाठ आमच्याकडे.

मी "ओ" म्हणून ओरडलो. परत "ओ" म्हणालो. त्याला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल.

बाईंनी विचारलं, "तुमच्या ओळखीचे आहेत का ते?"

मी मान हलवली.

"मग नावाने हाक मारा ना."

नावाने मी त्याला जन्मात कधी हाक मारलेली नव्हती, आणि त्या लग्नापासून दादाही म्हटलं नव्हतं. मी मागे बघितलं. ओहोळाच्या वरच्या टोकाला, जिथून आम्ही आताच उतरलो होतो, तिथलं गवत पेटलं होतं. साहेब पत्र्याला टेकून डोळे मिटून होते.

"दादा," मी ओरडलो. "दादा, फाटक खोल."

तो वळला. धुरातून आमच्याकडे बघत राहिला, आणि मग पळत आला. पत्र्याच्या फटीतून त्याचा चेहरा दिसला, काजळीने काळा, भुवया करपलेल्या.

"कोन हाय?"

"मी हाय. संगट दोन मानसं हायती."

"आता दादा व्हय?" तो म्हणाला. पण बोलता बोलता त्याचे हात कमरेच्या करगोट्याची किल्ली सोडवत होते. किल्ली कुलपात गेली आणि फिरेना. दोन पावसाळे ते कुलूप तसंच लोंबत होतं, कुणी तेल घातलं नव्हतं. घालणार कोण? त्याला उघडायचं नव्हतं आणि मला विचारायचं नव्हतं.

"फिरंना," तो म्हणाला. मग स्वतःशीच, "लय दिस झालं."

"दगड घाल."

"कडी तुटंल."

"तुटू दे की."

दगड मिळेपर्यंतचा वेळ किती होता ते मला सांगता येणार नाही. मला माझ्या पोटऱ्यांना लागणारी धग आठवते आणि बाई नवऱ्याच्या पाठीवर हात फिरवत होत्या ते आठवतं. दादाने बांधावरचा धोंडा दोन्ही हातांनी उचलून आणला आणि घातला. तिसऱ्या घावाला कडी तुटली. आम्ही आत पडलो आणि तसेच राबाच्या काळ्या चौकोनात जाऊन उभे राहिलो. बुटांच्या तळव्यांतून चटका येत होता, पण तिथे जळायला काही उरलं नव्हतं. आग तारेच्या पलीकडून गेली, करवंदीच्या काट्या फटाक्यांसारख्या वाजल्या, आणि ती वर सोंडेकडे निघून गेली.

दादाने खांद्यावरचा टॉवेल पिंपातल्या पाण्यात बुडवला, पिळला आणि माझ्याकडे फेकला. मी तो साहेबांच्या तोंडावर धरला. मग बाईंनी घेतला, मग मी.

वाडीतली माणसं डहाळ्या घेऊन आली. आग वरच्या कातळाला अडली आणि संध्याकाळपर्यंत विझली. मग वनखात्याचा गार्ड आला. वरचा डोंगर त्यांच्याकडे आहे. त्याने सगळ्यांना विचारलं, कुठून लागली? कुणी म्हणालं बिडी, कुणी म्हणालं सहलीला आलेली पोरं. शेवटी तो माझ्याकडे वळला. तुम्ही वर होता, तुम्हाला दिसलं असेल.

मला दिसलं होतं. शेवटचं खाचर, पेटलेला बांध, सगळं. दोन वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते हातात आलं होतं. चार माणसंही समोर होती. दादा जमिनीकडे बघत अंगठ्याने राख उकरत होता.

"धूर दिसला तवा आमी सोंडेवर हुतो," मी म्हणालो. "सोंडेवरनं खालचं दिसत न्हाई."

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्या बाटलीतलं पाणी प्यायल्या.

मी हे मोठ्या मनाने केलं असं कुणाला वाटू नये. बोलून टाकलं असतं तर माझ्या हातात काय उरलं असतं? दंड त्याला झाला असता, फाटकाला नवीन कुलूप आलं असतं, आणि टॉवेल-टोपी जन्मात मिळाली नसती. आता मला काय माहीत आहे ते त्याला माहीत आहे. सौद्यात एवढं बळ पुरतं.

सायकली दुसऱ्या दिवशी आणल्या. मुरमावर होत्या म्हणून सांगाडे वाचले, टायर मात्र वितळून खडीला चिकटले होते. साहेब आता कच्छचं नाव काढत नाहीत, सगळ्यांना या वणव्याचीच गोष्ट सांगतात. त्यांच्या गोष्टीत सायकल टाकायचं त्यांनाच सुचलेलं असतं.

दादाचा टॉवेल माझ्याकडेच राहिला. धुऊन, घडी करून दुकानात ठेवला आहे. त्याने निरोप पाठवला की घरी आणून दे. मी निरोप पाठवला की दुकानातून घेऊन जा. तो टॉवेल मी मानाचा धरत नाही. तो ओला होता, फेकून दिलेला होता, आणि टोपी नव्हती.

पण फाटकाला कुलूप पुन्हा आलेलं नाही. तुटलेल्या कडीत एक तारेचा आकडा अडकवलेला असतो, बाहेरूनही निघेल असा. तो त्याने तसा का वळवला ते मी विचारलेलं नाही. मागच्या रविवारी चौघांना घेऊन गाडीवाटेने गेलो. आकडा काढला, सगळ्यांना पुढे सोडलं. दादा अजून न भाजलेल्या एका खाचरात राब रचत होता. त्याने मान वर केली नाही.

"दादा, फाटक लावून घेतो," मी म्हणालो.

"घे," तो म्हणाला.

मी आकडा नीट अडकवला आणि निघालो. राब पहाटेच पेटव, हे मात्र मी त्याला सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात त्याच्या मुलाचं लग्न आहे. नावं पुकारतील तेव्हा बघू.