पऱ्हाटी पलटणीची पंगत

राक्षसावर चालून जाताना जावयाला दोनदा बोलवावं लागतं, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. तेही लढाई सुरू झाल्यावर!

मी कळंबच्या एका शाळेत मास्तर आहे. निवडणूक, जनगणना, क्रीडास्पर्धा, जे हातात घेतलं ते पार पाडलं, अशी माझी ख्याती आहे. (ती पसरवण्याचं कामही मीच पार पाडलं.) त्यामुळे धाकटी लेक पल्लवी म्हणाली, "बाबा, रविवारी अमरावतीले माझी परीक्षा आहे. पाच वाजता पलटण तुम्ही सांभाळा," तेव्हा मी फक्त चष्मा पुसला.

'पऱ्हाटी पलटण' ही मोबाइलवरच्या लढाईच्या खेळातली आमची अलायन्स, म्हणजे युती. पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडची कपाशी. ज्याचा त्याचा किल्ला, ज्याचे त्याचे सैनिक आणि संकटात सगळे एक, असा तो खेळ. पल्लवीनं आठ महिने खपून ही पलटण उभी केली. आम्ही बापलेक सोडून बावीस किल्ले आणि झाडून सगळे आमचेच नातेवाईक! सगळ्यांत मोठी फौज वणीच्या जावईबापूंची, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांची. त्यांचे कोळशाचे ट्रक आहेत. ट्रक रांगेत उभे राहिले की जावईबापू सैनिक वाढवतात. दुसरी मोठी फौज मुकुटबनच्या मामांची. सोयाबीन निघालं तेव्हापासून ते पूर्ण वेळ लष्करात आहेत.

आता एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. मला सांगायची नाही, पण इलाज नाही.

आमच्याकडे जेवणाचं आवतण आदल्या दिवशी जातं. पण ती झाली नुसती बातमी. खरं बोलावणं दुसरं. पंगत मांडली की यजमानानं जाऊन म्हणायचं, "चला, पानं मांडली." तोवर मानाचा पाहुणा भुकेनं कासावीस झाला तरी खुर्चीवरून हलत नाही. दोन वर्षांपूर्वी थोरल्या लेकीच्या लग्नात हे दुसरं बोलावणं मी जावईबापूंना द्यायला विसरलो. ते मांडवात दुपारभर बसून राहिले आणि उपाशीपोटी वणीला परत गेले! वर्षभर अबोला. बहीण फोनवर रडायची. मामा मला चारचौघांत 'व्यवस्थापक' म्हणायचे.

मग पल्लवीनं त्यांना या खेळात ओढलं. आधी "दादा, सैनिक पाठवा" एवढंच लिहायचे. पुढे "दादा, तब्येत कशी हाय?" असंही यायला लागलं. म्हणून ही पलटण माझ्यासाठी नुसता खेळ नव्हती. ती माझ्या हातून मोडली असती, तर बहिणीला तोंड दाखवायला मला जागा उरली नसती.

दर रविवारी पाच वाजता खेळात एक राक्षस येतो आणि अर्धा तास थांबतो. एकानं रॅली उघडायची, पाच मिनिटांचं घड्याळ सुरू होतं, तेवढ्यात बाकीच्यांनी आपली फौज त्याच्याकडे पाठवायची आणि मग सगळ्यांनी एकदम चालून जायचं. त्या रविवारचा राक्षस भलताच दांडगा होता. तो पडला नाही तर पलटणीची तळ्याकाठची जागा नागपूरच्या एका टोळीच्या घशात जाणार होती.

मी सकाळीच ग्रुपवर सूचना टाकली. 'सर्व सन्माननीय सदस्यांना कळविण्यात येते की, आज ठीक पाच वाजता राक्षसावर आक्रमण करण्याचे योजिले आहे. पहिली मानाची फौज वणीच्या जावईबापूंची राहील. तरी सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे.' जुनी चूक एका वाक्यात धुऊन काढली म्हणून मी स्वतःवर इतका खूश झालो की दुसरा चहा मागितला.

"एवढं लिहिलं, पण त्यायले फोन केला काय?" माझी बायको सुमन म्हणाली. ती ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"कायले? सूचनेत सगळं आहे!"

पाचला मी रॅली उघडली. एक मिनिट गेलं. दोन गेली. कोणी हलेना! ग्रुपवर मात्र बावीसच्या बावीस जण हजर. मी लिहिलं, 'फौजा पाठवा!' खाली बावीस हात जोडलेले आले. घड्याळ संपलं आणि माझी एकट्याची फौज राक्षसासमोर जाऊन उभी राहिली. त्यानं शेपूट हलवलं. माझे सगळे सैनिक थेट दवाखान्यात!

मी मामांना फोन लावला. "मामा, काहून बसले तुम्ही?"

"बाप्पा! जावयाच्या आंधी मी कसा जाऊ? तूच तं लिहून राह्यला, पहिला मान त्यायचा!"

जावईबापूंना लावला. "जावईबापू, फौज?"

"तयार हाय न दादा. चार वाजतापासून तयार हाय." मग अगदी मऊ आवाजात, "पण मले कोणी बलावलंच नाही."

पुन्हा तेच! लग्नातली खुर्ची, लग्नातलाच मी!

"बलावलं! हे घ्या, बलावलं! चला!" मी ओरडलो.

"असं कसं दादा, तुमी ओरडून राह्यले. आन् मामा वडील माणूस. त्यायले पुढं होऊ द्या."

दवाखान्यातून निम्मेअर्धे सैनिक उठवून मी दुसरी रॅली उघडली. इकडे मामा म्हणतात, आधी जावई. जावई म्हणतात, आधी मामा. बाकीचे वीस जण दोघांकडे बघत बसलेले. एका चुलतभावाची फौज निघालेली दिसली म्हणून मी टाळी वाजवली, तर ती अर्ध्या वाटेतून परत फिरली! त्याला फोन केला.

"बोट लागून गेलतं भाऊ," तो घाबऱ्याघाबऱ्या म्हणाला. "मी काही मुद्दाम पुढं नाही गेलो. मामाले सांगजा."

राक्षसानं या खेपेला शेपूटही हलवलं नाही, नुसती जांभई दिली. माझी उरलीसुरली फौजही आडवी झाली. दहा मिनिटं बाकी होती. मी मोबाइल ओसरीवर ठेवून दिला. खरं सांगतो, रडू यायचं तेवढं बाकी होतं.

"संपलं," मी म्हणालो. "पल्लवीले काय सांगू?"

सुमननं शेंगांची टोपली बाजूला सरकवली, पदराला हात पुसले आणि हात पुढे केला. "द्या इकडं."

"तुले खेळ कुठं येतो?"

"खेळ नाही येत. पंगत येते."

तिनं सगळ्यांना एकदमच ग्रुपवर फोन लावला. आवाज असा, की जणू दारात उभी राहून बोलते आहे. "जावईबापू, चला, पानं मांडली. आजची रॅली तुमच्या किल्ल्यावरून. उघडा बरं." पलीकडून एकदम उजळलेला आवाज, "हो वहिनी! उघडली!"

"मामा, जावईबापूले एकटं जेवू देता काय? बाजूले बसा त्यायच्या. सोबत द्या."

"हाव, हाव! सोबत तं द्याच लागते!" मामा म्हणाले. सोबतीत मान कोणाचा मोडत नाही, हे माझ्या डोक्यात कसं आलं नसेल?

"आन् बाकीचे आयका. पहिली पंगत, दुसरी पंगत काही नाही. एकच पंगत हाय. मी हाक मारली की सगळ्यायनं एकदम हात लावाचा. कोणी आंधी नाही, कोणी मांगं नाही." तिनं श्वास घेतला आणि लग्नाच्या मांडवात म्हणतात तसं खणखणीत म्हटलं, "पार्वतीपते...!"

"हर हर महादेव!" वणी, मुकुटबन आणि आजूबाजूचा सगळा मुलूख फोनमधून गरजला आणि पडद्यावर फौजाच फौजा! घड्याळ संपायच्या आत एकवीस फौजा जावईबापूंच्या दारात उभ्या होत्या. निघाल्या, भिडल्या आणि राक्षस धाडकन पडला! अर्धं मिनिट शिल्लक ठेवून!

फोनवर जो कल्ला झाला तो काय सांगू! त्यात जावईबापूंचा आवाज आला. "दादा, आज पोट भरलं बरं." माझा चष्मा पुन्हा पुसावा लागला, या वेळी खरोखरच ओला झाला म्हणून.

सहाला परीक्षेतून सुटल्यावर पल्लवीचा फोन आला. "बाबा! राक्षस पडला? कोणी केलं हे?"

'मी' हा शब्द ओठांवर आला होता. पण समोर सुमन पुन्हा शेंगा सोलायला बसली होती, जणू शेजारी विरजण देऊन आली असावी! मला तिचा इतका अभिमान वाटला की मी मोठ्यांदा म्हणालो, "तुझ्या आईनं! पोरी, तुझ्या आईनं!" आणि पुढचा आठवडाभर शाळेत, बाजारात, न्हाव्याकडे, भेटेल त्याला ही लढाई सांगितली. पहिल्या दोन रॅल्या वगळून.

पल्लवीनं खेळात सुमनला किल्ला काढून दिला आणि सेनापती केलं. माझ्या नावापुढे आता 'वाढपी' असा हुद्दा आहे. दर रविवारी पावणेपाचला एकेकाला फोन करून "चला, पानं मांडली" म्हणायचं, एवढं माझं काम. ते मी चोख करतो. मागच्या रविवारी तर बावीसही जणांना बोलावलं, मान राखून, वेळेवर. पहिल्याच रॅलीत राक्षस पडला! मी छाती फुगवून यादी बघितली, तर सगळ्यांत खाली माझं नाव आणि पुढे शून्य. माझी फौज किल्ल्यातच बसून होती. तिला कोणी बोलावलंच नव्हतं!