चार बोटं रुंद सही

सही करण्याआधी चाचा दोन्ही हात शर्टाला पुसायचे. कांद्याची टरफलं झटकली जायची, मग फर्मान, "यल्ला, चल, पेन दे." सही चार बोटं रुंद. आमच्या गोदामाच्या चलनावर ती खालच्या रकान्यात घुसायची. मी कुरकुरायचो, "चाचा, कागद पुरत नाही."

"मग मोठा कागद आण!"

चाचा रत्नागिरीकडचे, आखातातल्या अल मवालेहच्या बाजारातले कांद्याचे व्यापारी. मी वसईचा, त्यांचा गाळा ज्या गोदामात होता तिथला कारकून. पुढारी होणं त्यांच्या मनातही नव्हतं. पण कुणाचं भांडण असो की अडकलेला पासपोर्ट, लोक त्यांच्या गाळ्यावर यायचे. दोन्ही बाजू ऐकून झाल्या की चाचा मांडीवर थाप मारत, "खलास! आता चाय प्या." कांद्यांना तिकडे कोंब फुटत. अशा लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांना आपण हसतो, आणि अडलो की त्यांच्याच दारात जातो. मीही गेलोय.

एका उन्हाळ्यात आवारात एक हमाल चक्कर येऊन पडला. तिथे सावली म्हणून नव्हती. छप्पर घाला, असा अर्ज गोदामाच्या मालकाला द्यायचं चाचांनी ठरवलं. इंग्रजी मजकूर मी झोकात लिहून दिला. पण सहीला कुणी पुढे येईना. चाचांनी हात पुसले आणि सगळ्यात वर नेहमीपेक्षाही मोठी सही ठोकली.

"पहिली सही मोठी असली की मागच्यांना आडोसा होतो," ते म्हणाले. मग एकेक हमाल आला. शेवटी चाचांनी आपल्या सहीशेजारी बोट टेकवलं. "ही जागा तुझी. लिहिलंयस तू."

"उद्या करतो, चाचा."

माझा पगार त्याच मालकाकडून यायचा. दुसऱ्या दिवशी चाचांनी काही विचारलं नाही, अर्ज तसाच नेऊन दिला. रागावले असते तर बरं झालं असतं.

दोन महिन्यांत छप्पर झालं. चाचांचा गाळा मात्र मालकाने काढून घेतला. ते गावी गेले आणि मागच्या वर्षी तिथेच वारले.

दुपारी हमाल छपराखाली डबे उघडतात. मलाही हाक मारतात, "साब, छाँव में आओ." मी जातो.

अर्जाची प्रत माझ्याच कपाटात आहे. परवा ती काढली, हात शर्टाला पुसले, त्या कोऱ्या जागेवर पेन टेकवलं. मग लक्षात आलं, आता इथे सही करायला काहीच हिंमत लागत नाही. पेन खिशात ठेवून दिलं.