त्या ठाण्याला जिना नव्हता

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, खात्यातल्या जवळच्या मित्राला नाही, आणि जिथे शपथेवर सांगायला हवी होती तिथे तर नाहीच. ती घटना आठवते, असं मी म्हणणार नाही. विसरलेलं माणसाला आठवतं. ही मी विसरलोच नाही.

कोकणातल्या एका पोलीस ठाण्याच्या स्टेशन डायरीत माझ्या अक्षरातली एक ओळ आहे. ठाण्यात कोण आलं, कोण गेलं, काय घडलं, याची वेळेनुसार नोंद होते ती ही डायरी. ओळ अशी आहे : "संशयित इसम चौकशीदरम्यान जिन्यावरून पाय घसरून पडल्याने त्याच्या डाव्या कानास व डोक्यास मार लागला."

ते ठाणं म्हणजे बैठी कौलारू इमारत. तीन खोल्या, एक लॉकअप, पुढे व्हरांडा. जमिनीपासून व्हरांड्यापर्यंत दोन पायऱ्या. जिना नव्हता.

ही ओळ मी तिथे सुचून लिहिली नव्हती. आधीच्या शहरातलं माझं ठाणं दुमजली होतं. तिथे हे वाक्य मला पाठ झालं होतं. यावरून समजणाऱ्याने काय ते समजावं.

तेव्हा मी सहायक पोलीस निरीक्षक होतो, त्या ठाण्याचा प्रभारी. घाटावरचा माणूस, किनाऱ्यावर पहिलीच नेमणूक. एका सकाळी एक बाई आली. नवरा मच्छीमार, तीन दिवस घरी नाही, फोन लागत नाही. मिसिंगची, म्हणजे बेपत्ता झाल्याची नोंद केली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाशी वैर? ती म्हणाली, "वैर कसलं साहेब, शेजाऱ्याशी गडग्यावरून भांडण झालेलं, तेवढंच." दोन आवारांमध्ये जांभ्या दगडाचा बांध असतो, तो गडगा. महिन्यापूर्वीच त्याची अदखलपात्र नोंद झाली होती.

शेजारी मस्कतला वेल्डर होता, रजेवर गावी आलेला. मी नोंदीतलं त्याचं नाव वाचलं. खरं सांगायचं तर तपास माझ्यापुरता तिथेच संपला. पुढे जे केलं तो तपास नव्हता, जे ठरलं होतं त्याची जुळवाजुळव होती.

दुपारी बाजारपेठेतला न्हावी आला. तो आमचा खबरी.

"साहेब, स्वतःच्या कानानं ऐकलं. तो वेल्डर दाढीला बसलेला माझ्याकडे. मस्कतच्या भावाशी फोनवर बोलत होता. म्हणाला, 'त्याचा खलास. आता तो परत नाय येनार.' माझा वस्तरा थांबला साहेब!"

खबरी सहसा सपशेल खोटं बोलत नाही. पण साहेबाला काय ऐकायचं आहे हे त्याला बरोबर कळतं. आणि त्याला ते कळलंय हे ज्या साहेबाला कळत नाही, त्याने खुर्चीवर बसू नये. मी बसलो होतो.

वेल्डरला निरोप धाडला, तर तो स्वतःच स्कूटरवरून आला. हेल्मेट काखेत, चेहऱ्यावर हसू. हवालदाराला म्हणाला, "गडग्याचं ना? ते खलास झालं साहेब. मीच खलास केलं."

आमच्याकडे निवृत्तीला टेकलेले एक जुने हवालदार होते, त्याच भागातले. त्यांनी मला बाजूला घेतलं. "साहेब, माणूस मारून कोण असा हसत येईल का? जरा दमानं घ्या."

मी त्यांना जे म्हणालो ते शब्द जसेच्या तसे लिहितो, कारण सगळं त्यातच आहे. मी म्हणालो, "नाव ऐकलंत ना त्याचं?"

हवालदार वळले. व्हरांड्यात जाऊन उभे राहिले आणि परत आत आले नाहीत.

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही, हे प्रशिक्षणाच्या पहिल्याच महिन्यात शिकवतात. पण कबुलीमागून वस्तू सापडते, प्रेत सापडतं, म्हणून ती काढायची घाई असते. जेवणं उरकून दुपारी अडीचच्या सुमारास मी त्याला आतल्या खोलीत घेतलं. मी, एक शिपाई आणि लिहून घ्यायला एक पोलीस नाईक.

"कुठे टाकलास त्याला?"

"कोणाला साहेब?"

"न्हाव्याकडे काय बोललास? खलास केला म्हणालास ना?"

"हां, खलास. आमचा विषय खलास. तो आता नाय येनार भांडायला."

"कसा खलास केलास?"

प्रश्नच त्याला कळला नव्हता. खलास म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. कसं केलंस, हे विचारलं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी शेकडो जबाब घेतले असतील. चुकीचा प्रश्न म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी हाच दाखवीन.

पहिली थप्पड माझी होती. दुसरीही माझीच. पट्टा शिपायाने घेतला, मी सांगितल्यावर. प्रत्येक फटक्याला तो हात वर करून ओरडत होता, "खलास साहेब! खलास! खलास!" आणि नाईक खाली मान घालून लिहीत होता, "संशयिताने इसमास संपविल्याचे वारंवार कबूल केले."

मी वेल्डरला म्हणालोसुद्धा, "एकदा बोललास तेवढं बास. आता जागा दाखव."

कानावर बसलेली थप्पड कोणती, हे मला ठाऊक आहे. हाताला कळतं. त्याच्या कानातून रक्त आलं तेव्हा मी पाण्याचा तांब्या मागवला आणि घड्याळ पाहिलं. सव्वातीन.

वेल्डरला अटक न दाखवता ठाण्यातच बसवून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी एसटीतून एक माणूस उतरला आणि तडक ठाण्यात आला. खांद्यावर पिशवी, अंगाला मासळीचा वास. व्हरांड्यातूनच ओरडला, "माझा खून झाला म्हणतात तो कुठे झाला? मला पण दाखवा! पंचनामा केलात की राहिलाय?"

तोच मिसिंग माणूस. दुसऱ्याच्या बोटीवर गुजरातकडे गेला होता, फोन समुद्रात पडला होता. शिपाई हसायला लागले. मग त्याला बाकावर डोक्याला फडकं बांधून बसलेला वेल्डर दिसला आणि त्याचा आवाज उतरला.

"ह्याला कशापायी मारलंत? गडगा आमचा मिटला. ह्यानंच मला घरात बोलावून चहा दिला, म्हणाला खलास, आता भांडायचं नाय. अहो, शेजारी आहे माझा!"

त्याने वेल्डरच्या खांद्यावर हात ठेवला. वेल्डरने मान पूर्ण वळवून उजवा कान पुढे केला. डाव्या बाजूने बोललेलं त्याला ऐकू आलं नव्हतं.

मी त्या माणसाची माफी मागितली नाही. मी म्हणालो, "मग कबूल कशाला केलंस?"

वरिष्ठांना फोन केला. तिकडून सल्ला आला तो प्रत्येक पोलीस अधिकाऱ्याला पाठ असतो : सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा दाखल करा, म्हणजे मार लागल्याचं कारण दाखवता येईल. मी दाखल केला. डायरीत जिना लिहिला. न्यायाधीशांपुढे उभं करायच्या आधी त्याला सांगितलं, तक्रार केलीस तर तुझा पासपोर्ट विसर. न्यायाधीशांनी विचारलं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार? तो म्हणाला, नाही.

पासपोर्ट तरीही त्याच्या उपयोगी पडला नाही. रजा संपली, पण डोक्यावर गुन्हा असल्याने त्याला परदेशी जाता आलं नाही. मस्कतची नोकरी गेली. मग त्याने माझ्याविरुद्ध तक्रार केली. चौकशी झाली. चौकशी अधिकाऱ्याने डायरी मागवली, ती ओळ वाचली, माझा जबाब घेतला आणि तक्रार निकाली काढली. चौकशी त्याच ठाण्यात, माझ्याच टेबलावर झाली. जिना कुठे आहे, असं त्यांनी विचारलं नाही. निघताना दोन पायऱ्या उतरून ते गाडीत बसले.

अडथळ्याचा खटला अजून निकाली निघालेला नाही. तारखा पडतात.

मी पन्नाशी ओलांडताच स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि इथे मस्कतला एका कंपनीत सुरक्षेचं काम पत्करलं. अल् खुवैरला ऑफिस, दार्सैतला घर. इतकी वर्षं माझ्याकडे एक आधार होता : तो स्वतःच खलास म्हणाला होता, मी काय करणार? तो आधार मस्कतने पहिल्याच महिन्यात काढून घेतला.

रहिवासी कार्डाचे कागद तपासून ऑफिसातला ओमानी कारकून म्हणाला, "खलास." कँटीनवाला म्हणाला, "चाय खलास." गाडी धुणारा म्हणाला, "खलास, सर." काम झालं, संपलं, पुरे, मिटलं, सगळ्याला तो एकच शब्द. मी ऐकत होतो आणि स्वतःला सांगत होतो की हा योगायोग आहे.

मग एका शुक्रवारी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मुलं खेळत होती. मोठ्याने धाकट्याचा हात पिरगाळला. धाकटा ओरडला, "खलास! खलास!" आणि मोठ्याने हात सोडला.

त्या पोराला कळलं. मला कळलं नव्हतं. खोलीत तो माणूस कबुली देत नव्हता. तो मला थांबा म्हणत होता.

त्यानंतरही मी गप्पच होतो. माझी मुलगी इथल्या शाळेत अकरावीत आहे. अमेरिकेत काळ्या माणसांना पोलीस कसं वागवतात, यावर तिला शाळेत बोलायचं होतं. बौशरला एका मित्राकडे आम्ही चार मराठी कुटुंबं जमलो होतो. तिने टीव्हीवर एक व्हिडिओ लावला. रस्त्यावर पडलेला माणूस, वर पोलीस, आणि खालचा माणूस तेच तेच पुन्हा सांगतोय.

एक गृहस्थ म्हणाले, "रानटी आहेत हो. आपल्याकडे असलं काही नाही. काय साहेब?"

मुलगी म्हणाली, "काका, पॉइंट तो नाहीये. फर्स्ट रिपोर्टमध्ये त्यांनी वेगळंच लिहिलं होतं. की हा माणूस... म्हणजे, आपोआप आजारी पडला. मग व्हिडिओ आला म्हणून कळलं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, तुमच्या स्टेशनमध्ये कॅमेरा होता?"

"नव्हता," मी म्हणालो.

"मग कसं कळायचं खरं काय ते?"

"डायरीत लिहायचो."

तिचं समाधान झालं. तिकडे कातडीचा रंग बघतात. मी नाव बघितलं. एवढाच काय तो फरक, आणि तो माझ्या बाजूने नाही. त्या पोलिसाचं कृत्य जगाने पाहिलं. माझं त्या खोलीबाहेर फक्त व्हरांड्यातल्या हवालदारांनी ऐकलं.

वेल्डरचा भाऊ, ज्याच्याशी तो फोनवर बोलत होता, तो अजून इथेच आहे, हे शोधायला मला फारसे कष्ट पडले नाहीत. माणसं शोधणं हे माझं कामच होतं. दार्सैतला त्याचं एसी दुरुस्तीचं दुकान आहे, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मी आत गेलो आणि कोकणातल्या त्या ठाण्याचं नाव सांगितलं. त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"तुम्ही ते घाटावरचे साहेब काय?"

"हो."

"बसा," तो म्हणाला. "चाय घ्याल?"

मी बसलो. तोच बोलला. "त्या दिवशी माझ्याशीच बोलत होता तो. खूश होता. म्हनाला, शेजाऱ्याशी वाद मिटला, आता निवांत परत येतो. नाय आला. आता गावातच गेटं-ग्रिलं करतो. डाव्या कानानं काय ऐकत नाय. मशीन चालू असली तर पोरं मागून हाका मारतात, ते पण नाय."

"मी माफी..."

"माफी ठेवा तुमच्याकडे, साहेब. माफी घेऊन तो काय कोर्टात जाईल? कागद द्या. लिहून द्या की जिना नव्हता."

जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर मी एवढंच टाकलं की एका प्रकरणात खरं सांगायचा विचार आहे. लगेच फोन आले. वेडा झालास का, गाडलेलं उकरू नकोस, स्वतः अडकशील, खात्याची बदनामी होईल. एकाने विचारलं, "एका त्यांच्यातल्या माणसासाठी?"

त्याला मी सांगितलं, "हो, त्याच्यासाठीच. आणि खात्याची बदनामी मी त्या दुपारी सव्वातीनला केली. आता फक्त तिची नोंद व्हायची आहे." अडकेन तर अडकेन. त्या खोलीत तो एकटा अडकला होता, माझ्या बाजूने सगळं खातं होतं. आता मला एकट्याने उभं राहायला सांगत असतील तर राहीन.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं अशा लेखाच्या शेवटी लिहायचं असतं. तपासात आधी शब्दाचा अर्थ विचारावा, हे शिकवलं. पण ते मला कुणी आधी शिकवलं नव्हतं असं नाही. नाव वेगळं असतं तर मी विचारला असता.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा माझ्या टेबलावर आहे. त्यात चार वाक्यं आहेत. थप्पड मी मारली. पट्टा माझ्या सांगण्यावरून चालला. अडथळा त्याने आणला नव्हता. ठाण्याला जिना नव्हता. इथल्या भारतीय वकिलातीत अधिकाऱ्यासमोर सही करायची, म्हणजे ते तिकडच्या कोर्टात दाखल करता येईल. दोन वेळा मी अल् खुवैरहून तिथपर्यंत गाडी नेली आणि दोन्ही वेळा परत वळवली. हे छापून आल्यावर परत वळायला जागा राहू नये, म्हणून आधी इथे लिहिलं.

त्याचा कान मला परत देता येणार नाही. ती सही मी त्याला देणं लागतो, आणि हे लिहीपर्यंत मी ती दिलेली नाही.