शिळ्या मालिकेला सुतक लागतं का?

नव्वदच्या दशकात पेणला केबल आली आणि 'जुनं' कशाला म्हणायचं हे ठरवण्याचा अधिकार आमच्या आळीतल्या एका गणपती रंगवणाऱ्या गृहस्थाकडे गेला. त्याच्या कारखान्यात एका टोकाला जवळच्या जोहे गावाहून आलेल्या कच्च्या मूर्ती रंगाची वाट बघत उभ्या असत आणि दुसऱ्या टोकाला, प्लॅस्टिकच्या कापडाखाली, व्हीसीआर. पूर्वी सरकारी चॅनेलवर जे जे लागलं ते याने हौसेने टेप करून ठेवलं होतं. केबलचा धंदा सुरू केल्यावर त्याने एक चॅनेल खास या टेपांसाठी राखून ठेवलं. नवीन दाखवायला सगळं जग बसलंय, जुनं कोण दाखवणार, असं तो छाती काढून विचारायचा.

त्याचा नियम सोपा होता. ज्यातली निम्मी माणसं वारली आहेत, तेच जुनं.

रोह्याच्या केबलवाल्याला ही कल्पना फार आवडली. इतकी की त्याने तिच्याबरोबर टेपाही पेणहूनच उसन्या घ्यायचं ठरवलं. त्या आणण्याचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा रोह्याबाहेरच्या एका कंपनीत नुकताच चिकटलो होतो. आठवडाभर शिफ्ट करायची, रोह्यात आत्याकडे राहायचं, सुट्टीला एसटीने पेणला जायचं आणि परत येताना पिशवीत आईने दिलेले पोह्याचे पापड आणि त्यांच्याखाली टेपा. टेपांवर कारखान्यातली धूळ बसलेली असे. त्यामुळे रोह्यात सगळ्या नायिकांच्या तोंडावर आडव्या रेघा दिसत आणि रोहेकर म्हणत, बघा, किती जुनं आहे!

सुरुवातीचे दिवस थोर होते. कृष्णधवल नाटकं लागत, गाण्यांच्या मैफली लागत, इतकंच काय, भातावरच्या किडीबद्दलचे कार्यक्रमही लागत. त्यात सांगितलेली औषधं बाजारातून केव्हाच गेली होती, पण लोक मन लावून ऐकत. मग हळूहळू कुरकुर सुरू झाली. जुनं हवं, पण इतकं जुनं नको. पेणच्या केबलवाल्याने व्याख्या जरा सैल केली. जिने नायिकेचं काम केलं ती आता आईची कामं करते, ते जुनं. पुढे ठरलं, रंगीत चालेल, पण रंग उडालेला हवा. त्यानंतर गेल्या वर्षीची विसर्जनाची मिरवणूक दाखवायला लागले, कारण तिच्यात प्रत्येक जण स्वतःला शोधत बसे. शेवटी आदल्या दिवशीची क्रिकेटची मॅच लागली. मी विचारलं, ही कशी जुनी? तो मूर्तीच्या डोळ्यात बुबुळ भरत होता. मान वर न करता म्हणाला, "काल संपली ना? मग जुनीच."

पडद्याच्या खालच्या बाजूला जाहिरातींची पट्टी धावायला लागली. नायिका वर टाहो फोडून रडायची आणि तिच्या हनुवटीवरून 'लग्नबस्त्यासाठी एकदा अवश्य भेट द्या' असं जात राहायचं. गावातली जाणती मंडळी नाक्यावर उभी राहून हळहळत की पूर्वीचं काही राहिलं नाही. हीच मंडळी घरी जाऊन सिनेमाची नवी गाणी लावत, हे खिडकीतून ऐकू येई. अशा एका गृहस्थांना मी गाठून विचारलंच. ते म्हणाले, "आम्हाला जुनं बघायचं नसतं हो. ते कुठेतरी चालू आहे एवढं ठाऊक असलं म्हणजे बरं वाटतं."

या सगळ्यात खरोखर जुनं बघायचं होतं अशी एकच व्यक्ती माझ्या माहितीत होती. माझी आत्या. तिलाही सरसकट जुनं नको होतं. तिला एका मालिकेचा एक भाग बघायचा होता, शेवटचा.

ती मालिका पहिल्यांदा लागली तेव्हा आत्याच्या घरात टीव्ही नवा होता. एका मोठ्या घरातली शिकलेली सून, तिला लागलेली नोकरी, सासरच्यांचा विरोध, असं ते कथानक. आत्या आठवडाभर त्या अर्ध्या तासाची वाट बघायची. तिला स्वतःला लग्नाआधी शिक्षिकेच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता. लग्नानंतर बघू असं दोन्ही घरांनी ठरवलं आणि नंतर कुणीच बघितलं नाही. मालिकेचा शेवटचा भाग आला त्याच आठवड्यात आत्याचे सासरे वारले. सुतक लागलं. टीव्हीवर चादर पडली. चादर आतोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, स्वतः घातली आणि दहावं-तेरावं होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही असं बजावलं. शेवटचा भाग लागला त्या दिवशी आत्या मागच्या दारी तांदूळ निवडत बसली होती. शेजारच्या घरातून मालिकेचं सुरुवातीचं गाणं ऐकू आलं. मग शेजाऱ्यांना आपल्याकडे सुतक असल्याची आठवण झाली आणि त्यांनी सभ्यपणे आवाज बारीक केला.

पुढे तिने आळीतल्या बायकांना विचारलं. एकीचं पोर तेव्हाच रडायला लागलं होतं. दुसरीने भलत्याच मालिकेचा शेवट सांगितला. तिसरी म्हणाली, ती शेवटी बॅग घेऊन निघते. आत्याने तिसरीवर विश्वास ठेवला. बाकीचं तिने आपलं आपण बसवून टाकलं. ती बाई एसटीत बसते, पुण्याला उतरते, तिला शाळेत नोकरी लागते, खोली मिळते, खोलीला खिडकी असते. भाकऱ्या थापताना ती मला हे इतक्या खात्रीने सांगायची की ती बाई तिला पत्रं पाठवत असावी असं वाटे. "पन एकदा डोल्यांनी बघायला पायजे रे," ती म्हणायची.

मी पेणला गेलो की ती मालिका मागायचो. केबलवाला पहिल्यांदा साफ नाही म्हणाला, कारण तिच्यातली सगळी माणसं जिवंत होती. पण पुढे त्याचं जुनेपण खाली घसरत घसरत त्या मालिकेपर्यंत येऊन पोचलं. चॅनेल बिघडलं म्हणून आत्याचं नशीब उघडलं. रोह्यात रोज दुपारी दोनला एक भाग लागायला लागला. आत्या जेवणं उरकून, पदर खोचून, पाटावर टीव्हीसमोर बसायची. आतोबा आरामखुर्चीत झोपल्याचं दाखवत बघायचे.

मालिका संपत आली तशी एक पट्टी फिरायला लागली की ही मालिका संपताच आपल्या आवडत्या चॅनेलवर रोज दुपारी नवे कार्यक्रम दाखवू. जुन्याचा खेळ आटोपला होता. पेणच्या केबलवाल्याला टेपाही परत हव्या होत्या. गणपती तोंडावर आले होते, मुंबईच्या गिऱ्हाइकांना दाखवायला त्याला मूर्तींचं शूटिंग त्याच टेपांवर भरायचं होतं. शेवटच्या भागाची टेप परत आली तरी तेवढी पुसू नका असं मी त्याला विनवलं. तो "हो हो" म्हणाला. त्याच्या त्या "हो हो"वर ज्यांनी पूर्वी भरवसा ठेवला होता, ते चतुर्थीच्या सकाळी रंग न लावलेला गणपती घेऊन घरी गेलेले मी पाहिले आहेत.

शेवटचा भाग तेवढा उरला, आणि कोलाडकडच्या गावी आतोबांचे एक लांबचे चुलते गेले. वय झालं होतं, अंथरुणाला खिळलेले होते, सुटले. पण भावकीतले. आतोबांनी कपाटातून चादर काढली.

आत्या भाकऱ्या थापायला आत गेली. मला मात्र त्या चादरीचा इतका राग आला की मी शिफ्टला जाताना डबा विसरलो.

दुसऱ्या दिवशी माझी पहिली पाळी होती, ती अर्ध्यावर सोडून दुपारी लवकर घरी आलो. बाहेरच्या खोलीत भावकीतले पाच पुरुष बसायला आले होते. मयताचं बोलून झालं, भाताच्या लावणीचं झालं, आणि मग सगळे चादरीकडे बघू लागले. आदल्या दिवशी मोठी मॅच झाली होती. शेवटी त्यांच्यातल्या एकाने विषय काढलाच.

"दादा, मॅच नाय बघायची ता बरोबर. पन कालची मॅच आज दाखवतान, ती चालल काय?"

आतोबा भावकीत शब्दाचे पक्के म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी डोळे मिटले, विचार केला आणि निवाडा दिला. सुतक असतं ते करमणुकीला. मॅच कोण जिंकलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. जे ठाऊक आहे त्यात करमणूक कसली? सबब, परत दाखवलेल्या गोष्टीला सुतक नाही. मंडळींना हा निवाडा फारच पटला. पाच माणसांचं इतकं एकमत मी पुढे कंपनीच्या युनियनमध्येही पाहिलं नाही.

आत्या चहाच्या कपांचा ट्रे घेऊन पुढे आली होती. तिने विचारलं, "मंग आज दोन वाजता माजी शिरेल लागल, ती बगू काय मी?"

"तुजी गोष्ट येगली हाय गो," आतोबा म्हणाले. "तू शेवट बघितलेला नाय. म्हंजे तुला ती नवीच. तुला सुतक लागतंय."

"आनि ज्यानी बघितलाय त्याला?"

"त्याला कशाला लागल? आता मीच बघितली तर काय व्हनार हाय? मना ठाऊक हाय ना शेवटाला काय व्हतंय ता. काय नाय त्यात."

कुणीतरी कप उचलला होता, तो तसाच हातात राहिला. मलाही समजायला क्षणभर वेळ लागला. तो भाग त्याआधी एकदाच लागला होता, आतोबांच्या स्वतःच्या वडिलांच्या सुतकात.

आत्याने हातातला ट्रे खाली ठेवला. "तुमी कवा बघितलात?"

आतोबांनी भावकीकडे पाहिलं. भावकीने चहाकडे पाहिलं.

"ता... स्टँडवरच्या हॉटेलात गेलेलू चहाला. थय चालू व्हती."

"सुतकात हॉटेलातला चहा व्हय?"

मला हसू येत होतं आणि त्याच वेळी उठून त्या आरामखुर्चीला लाथ मारावीशी वाटत होती. इतकी वर्षं ती आळीभर विचारत फिरली, आणि ज्याला ठाऊक होतं तो रोज तिच्या हातचं जेवत होता.

आत्याने चादर ओढून काढली, घडी घातली, टीव्ही लावला आणि पाटावर बसली. दोन वाजायला आले होते. तिला कुणी अडवलं नाही. मॅचही कुणी मागितली नाही. पाच पुरुष, आतोबा आणि मी, सगळ्यांनी मिळून तो भाग पाहिला.

ती बाई खरंच बॅग भरते. उंबऱ्यापर्यंत येते. मागून सासू हाक मारते, छातीला हात लावून खुर्चीत बसते. बाई वळून बघते, बॅग खाली ठेवते आणि आत जाऊन सासूसाठी पाणी आणते. सगळं घर हसतं. नवरा तिची बॅग माळ्यावर टाकतो. मग गाणं लागतं आणि पात्रांची नावं वर सरकत जातात, खालून बस्त्याची जाहिरात.

"बग, चांगलाच शेवट हाय," आतोबा हळू आवाजात म्हणाले. "मी बोल्लू नव्हतू, काय नाय त्यात?"

आत्या पडद्याकडेच बघत होती. "तवाच सांगायचं ना," ती म्हणाली. "येवडी वर्सं मी तिच्यासाठी खूश व्हते."

भावकी उठली. चपला घालून एकेक जण निघाला.

सुतक फिटेपर्यंत चॅनेलवर नव्या मालिका आल्या होत्या. जाणत्या मंडळींनी नाक्यावर बैठक घेतली आणि जुने कार्यक्रम परत सुरू करावेत म्हणून सह्या गोळा करायला काढल्या. आतोबांनी पहिली सही केली. कागद घरी आणून त्यांनी आत्यापुढे धरला, बहुधा तिला बरं वाटेल म्हणून. आत्या पाटावर बसून एका कोऱ्या करकरीत मालिकेचा पहिला भाग बघत होती. नवी सून, नवं घर, तीच सासू.

"सही कर गो. तुजी शिरेल परत लावतील."

"नको," ती टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली. "हीच बरी हाय. हिचा शेवट अजून तुमालाबी ठाऊक नाय."