बेचाळीस ट्रकांना आग्रहाचं निमंत्रण

तुम्ही घरचेच, म्हणून सांगतो. एरवी हा किस्सा मी बायकोसमोर, आमच्या सुनंदासमोर, काढत नाही, कारण ती मधेच शेवट फोडते. आज ती भिशीला गेलीय, तेवढ्यात उरकून घेऊ. हसा, पोटभर हसा, पण एक ध्यानात ठेवा, माझं मराठी उत्तम होतं. घोटाळा झाला तो त्याच्यामुळेच!

तेव्हा मी सोलापूर रस्त्यावर एका ट्रक कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पत्रव्यवहार बघायचो. परदेशी कंपन्या नुकत्याच यायला लागल्या होत्या. आमच्या कंपनीलाही एक गोरा भागीदार मिळाला. त्याच्याबरोबर ऑफिसात कॉम्प्युटर आला, साहेबांच्या गळ्यात टाय आला आणि एक नवीनच शब्द आला, रिकॉल!

आता आपल्याकडे पद्धत काय? ट्रक विकला, नारळ फोडला, सुखी राहा. पुढे तो ट्रक आणि त्याचं नशीब! पण इथे कंपनी स्वतःच सांगत होती, की अमुक महिन्यांत बनलेल्या ट्रकांची डिझेलची नळी चासीला घासतेय. घासून घासून फाटली आणि डिझेल तापलेल्या सायलेन्सरवर पडलं, की गाडी पेटणार. सगळ्या गाड्या बोलवा, नळ्या फुकट बदलून द्या. आमच्या यादीत असे ट्रक होते बेचाळीस.

देशमुखसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "जगताप, दसऱ्याच्या आधी बेचाळीसच्या बेचाळीस गाड्या आल्या पाहिजेत. एक जरी राहिली आणि पेटली, तर आत माणूस असतो."

"येतील सर."

"पण पत्रात आग, गळती, दोष असले शब्द नकोत हं. लोक घाबरतील. भाषा गोड ठेवा."

सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाकडे गोड भाषा मागणारा हा पहिलाच इसम! पण मी आव्हान स्वीकारलं. अहो, माझ्या खिशात कायम लाल पेन असायचं. जिन्यातली पाटी असो नाहीतर वाण्याची यादी असो, चूक दिसली की माझा हात शिवशिवायचा. मी दोन दिवस खपून मजकूर लिहिला. आजही तोंडपाठ आहे, ऐका.

"आपले वाहन म्हणजे आमच्याच कुटुंबातील एक सदस्य. सदर सदस्याची आपुलकीने विचारपूस करण्यासाठी येत्या शुक्रवारी सकाळी दहा वाजता स्नेहमेळावा योजिला आहे. या मंगलप्रसंगी वाहनास कंपनीतर्फे एक छोटीशी भेट देण्यात येईल. तरी आपण वाहनासह अगत्य येण्याचे करावे."

आहे की नाही एकेक शब्द मोत्यासारखा?

छापायला दिलं आमच्या गल्लीतल्या छापखान्यात. तो बाबा जन्मभर लग्नपत्रिका छापत आलेला. त्याच्याकडे सोनेरी काठाचं पिवळं कार्ड उरलं होतं, त्यावर त्याने छापलं. वर सवयीने गणपती टाकला. आणि खाली, कुणी सांगितलं नसताना, "कृपया आहेर आणू नये"!

सुनंदाने कार्ड उलटसुलट करून बघितलं. "अहो, मुंज कुणाची आहे?"

वर्कशॉपचे हेडमिस्त्री रशीदभाई. त्यांनी दोनदा वाचलं आणि डोकं खाजवलं. "साहेब, यात नळीचं कुठंय?"

"भेट म्हणजेच नळी हो रशीदभाई! सुचवायचं असतं, सांगायचं नसतं."

"तुम्ही शिकलेले लोक," ते म्हणाले. "बरं, तुमच्या स्कूटरला पेट्रोलचा वास येतोय."

"मग पेट्रोलच्या गाडीला काय अत्तराचा येणार?" मी म्हणालो आणि बेचाळीस कार्डं पोस्टात टाकून आलो.

शुक्रवार उजाडला. नऊ वाजता गेटवर हलगी वाजायला लागली. मला वाटलं, कुठल्यातरी पुढाऱ्याचा वाढदिवस असेल. बाहेर येऊन बघतो तर काय! ट्रकांची ही रांग, पार गाडीतळाच्या चौकापर्यंत! प्रत्येकाला झेंडूचे हार, बंपरला केळीचे खुंट, काचेवर हळदीकुंकू. आणि हौद्यात कोण? अहो, अख्खी कुटुंबं! नऊवारीतल्या आज्या, फेटे बांधलेले मालक, नवे कपडे घातलेली पोरं. मागे पीएमटीच्या बसेस अडकल्या, त्यातले लोक आमच्या नावाने शंख करतायत.

देशमुखसाहेब खिडकीतून ओरडले, "जगताप! हा मोर्चा आहे का?"

"प्रतिसाद आहे सर," मी म्हणालो.

पहिला ट्रक लोणीच्या हरिभाऊंचा. उतरले, फेटा सारखा केला आणि पेढ्यांचा पुडा माझ्या हातात ठेवला. "सायेब, सत्कार किती वाजता हाय?"

"कुणाचा?"

"गाडीचा! मंगलप्रसंग लिवलंय की. आमची म्हातारी पाचला उठून बसलीय."

तेवढ्यात रशीदभाई हातभर काळी नळी घेऊन ट्रकखाली शिरले. म्हातारीने विचारलं, "ह्ये काय?" मी म्हणालो, "हीच ती भेट." तिने नळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "एवढा मोठा कारखाना, आणि भेट दिली तर नळी?" झालं! मागून कोणीतरी ओरडलं, "चला रं, गाड्या फिरवा! चेष्टा लावलीय." दोघातिघांनी इंजिनं सुरू केली.

या गाड्या अशाच परत गेल्या आणि त्यातली एखादी घाटात पेटली तर? मी सरळ हरिभाऊंच्या बंपरवर चढलो. गोड भाषा गेली उडत!

"थांबा! तुमच्या गाडीची नळी घासतेय! फाटली तर गाडी पेटेल! आत माणसं जळतील! बदलून घ्या, फुकट आहे!"

हलगी बंद. इंजिनं बंद. मग म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आरं मेल्या, मग आसं लिवायचं की! त्यात काय लाजायचं?"

असा हशा पिकला म्हणून सांगू! देशमुखसाहेब मात्र माणूस हुशार. त्यांनी माणूस पिटाळून गाडीतळावरून नारळ आणि भजी मागवली, प्रत्येक ट्रकपुढे नारळ फोडला, म्हातारीच्या हातून पहिल्या नळीची पूजा केली. दिवसभर जत्रा! एका बाजूला रशीदभाईंची माणसं नळ्या बदलतायत, दुसऱ्या बाजूला बायका फुगड्या घालतायत. संध्याकाळी पाचपर्यंत यादीवर एक्केचाळीस खुणा झाल्या.

बेचाळिसावी गाडी आलीच नाही. कुणाची, माहितेय? माझ्या सख्ख्या सासऱ्यांची! तात्या, मुक्काम फुरसुंगी, एकच ट्रक, आणि तो पहाटे कांदा भरून विजयवाड्याला निघणार.

घरी फोन केला तर सुनंदा फणकारली, "तात्या रुसलेत. जावयाने सासऱ्याला पत्रिका पोस्टाने पाठवली म्हणे! गावभर कार्डं वाटतात, आणि घरच्या माणसाला हळदीकुंकू लावून बोलावता येत नाही?"

आता काय करता! सुनंदाला घरून स्कूटरवर घेतलं, तिने अक्षता घेतल्या, रशीदभाई पिशवीत नळी टाकून आपल्या लूनावर मागोमाग. तात्या अंगणात खाटेवर, तोंड फिरवून बसलेले.

मी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर अक्षता ठेवल्या, वाकून नमस्कार केला. "तात्या, चुकलो. यायचं करावं."

"आनि गाडीला?"

"गाडीला काय?"

"कार्डात लिवलंय, ती कुटुंबातली हाय म्हून."

माझेच मोती माझ्याच घशात! मी ट्रकच्या बॉनेटला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, हात जोडले. शेजारपाजारचे सगळे भिंतीवरून बघतायत. तेवढ्यात गाडीखालून रशीदभाईंचा आवाज आला, "साहेब, थेंब पडतोय. पहाटे निघाली असती तर सोलापूरसुद्धा दिसलं नसतं."

तात्यांचा चेहरा उतरला. त्यांनी माझा हात धरला, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू? अर्ध्या तासात नळी बदलली. बेचाळीस पूर्ण! मी छाती फुगवून स्कूटरला किक मारायला गेलो.

"थांबा!" रशीदभाई ओरडले. स्कूटरखाली पेट्रोलचं थारोळं. वाकून बघतात तर नळीला ही चीर!

"अहो," सुनंदा गोड आवाजात म्हणाली, "दोन महिन्यांपूर्वी स्कूटर कंपनीचं पत्र आलं होतं ना? नळी खराब आहे, ताबडतोब आणा, असं?"

"कुठंय ते?" तात्यांनी विचारलं.

"फळीवर. ह्यांनी लाल पेनाने त्यातल्या अकरा चुका काढल्या, भाषा उद्धट आहे म्हणाले आणि ठेवून दिलं."

तात्यांनी सुनंदाच्या हातातल्या उरलेल्या अक्षता घेतल्या, माझ्या स्कूटरच्या सीटवर टाकल्या, आणि दोन्ही हात जोडून मला म्हणाले,

"जावईबापू, आता तरी वाहनासह अगत्य येण्याचं करावं!"