डावखुरा आधारवीर

आधारवीर हा काही बड्या महानायकांच्या पंगतीत बसणारा गडी नव्हे. त्याला उडता येत नाही, डोळ्यांतून आग काढता येत नाही. अंगात शक्ती एकच. पडत्या वस्तूला हात लावला की ती जागीच थांबते, तीही त्याला श्वास रोखता येईल तेवढाच वेळ. त्याच्या चित्रकथेचे चोवीस अंक निघाले आणि लोक त्याला साफ विसरले.

एका तरुणीने मात्र त्याच्यावर दोन पानं लिहिली होती. विस्मरणात गेलेल्या चित्रकथा-नायकांचा कोश ती करत होती आणि तिची लेखणी भलतीच तिखट. आधारवीराला तिने दहापैकी तीन गुण देऊन वाटेला लावलं होतं. मजकूर दुसऱ्या दिवशी छापखान्यात जायचा होता, म्हणून ती दुपारी आपल्या मावशीकडे आली. मावशीने तरुणपणी त्याच चित्रकथेचं शाईकाम केलं होतं. चित्रकार पेन्सिलीने काढायचे आणि ही त्या रेषांवर कुंचला फिरवायची. तिच्याकडून तारखा तेवढ्या तपासून घ्यायच्या होत्या.

तारखा बरोबर निघाल्या. मग मावशीचं बोट एका वाक्यावर अडलं. ‘एकोणिसाव्या अंकापासून नायक अचानक डावखुरा होतो, त्याची करंगळीही वाकडी होते, चित्रकाराने पाट्या टाकल्याचा हा उघड पुरावा.’

‘‘एवढं वाक्य काढ,’’ मावशी म्हणाली.

भाची ऐकते कसली. चूक ती चूक, नात्यागोत्यात बसून कोश होत नाहीत, असं तिने सुनावलं. मावशी वाद घालत बसली नाही. तिने डाव्या हाताने चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या हाताची करंगळी वाकडी होती, लहानपणी दारात चेंगरलेली. याच हाताने भाचीची वेणी कितीदा घातली होती, तरी त्या करंगळीकडे आजवर तिने कधी नीट पाहिलं नव्हतं. भाचीने सोबत आणलेला एकोणिसावा अंक ओढून त्या हाताशेजारी ठेवला. दोन्ही करंगळ्या अगदी एकसारख्या वाकलेल्या होत्या.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. अठराव्या अंकानंतर चित्रकारांचा उजवा हात लुळा पडला. प्रकाशनाच्या मालकाला कळतं तर त्यांना घरी बसवून चित्रकथा बंद केली असती. ते रोज कचेरीत येऊन पेन्सिल धरून बसायचे. इकडे मावशी घरी, ओट्यावर कागद पसरून, पेन्सिलीपासून शाईपर्यंत सगळं एकटी काढायची. असे सहा अंक काढले. कोणाला पत्ता लागला नाही. नमुना म्हणून समोर बसवायला माणूस नव्हता. उजव्या हातात कुंचला, म्हणून बघून काढायला डावाच हात मोकळा.

‘‘मावशी, तुझं नाव घालू दे ना गं,’’ भाची म्हणाली.

‘‘चित्रकारांना शब्द दिलाय मी. त्यांची बायको अजून ते अंक उशाशी घेऊन झोपते. शेवटपर्यंत त्यांनीच काढले असं तिला वाटतं. वाटू दे.’’

भाचीने चोविसावा अंक उघडला. शाळेवर कोसळणारी पाण्याची टाकी आधारवीर अकरा पानं तोलून धरतो, आणि शेवटचं मूल बाहेर पडल्यावरच श्वास सोडतो. ही अकरा पानं तिने ‘रटाळ’ म्हणून निकालात काढली होती. आता एकेक रेष बघताना तिचे डोळे भरून आले. एवढं मोठं माणूस आपल्या नात्यात होतं आणि आपण त्याच्याकडे तारखा विचारायला आलो, याची तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मजकूर गेला, तेव्हा तीन गुण खोडलेले होते. पाट्या टाकल्याचं वाक्यही नव्हतं. त्या जागी एवढंच होतं: ‘एकोणिसाव्या अंकापासून तो डाव्या हाताने तोलतो. उजवा थकला असावा. त्याने काहीही पडू दिलं नाही.’